निळ्या फुलांचं झाकण

अल्डर क्रीक, कॅलिफोर्निया
९ ऑक्टोबर १९६७

व्हर्ना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाबांच्या हाती लागायच्या आत उचललं असशील अशी आशा आहे. नसशील, तर बाबा, बरे आहात ना? आता हे व्हर्नाकडे द्या. तुमच्या कामाचं यात काही नाही.

तीन वर्षांनी पत्र, आणि तेही काम पडलं म्हणून. तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते. मला एक मुलगी आहे, व्हर्ना. दोन वर्षांची. क्लोव्हर तिचं नाव. नाक मुरडू नकोस, आपल्या घरामागच्या गवताचंच नाव आहे आणि त्यात लोळायला तुलाही आवडायचं. तिला ताप आला म्हणून इथल्या सरकारी इस्पितळात ठेवलंय. घाबरण्यासारखं काही नाही. पण हे लोक कागद मागतात. तिचा जन्मदाखला, माझा जन्मदाखला, माझं लायसन. यातलं माझ्याकडे काहीही नाही. का नाही, ते लांबण आहे.

घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर आजोबांपासून सगळ्यांचे जन्म लिहिलेत ना? इथे एक वकील आहे, तो म्हणतो की कोर्ट ते पान पुरावा म्हणून धरतं. तर तू नोटरीकडे जा, पानाची नक्कल करून घे, आणि सोबत शपथेवर लिहून दे की मार्लीस ही तुझी सख्खी धाकटी बहीण, ती तुला दर महिन्याला पत्र लिहिते, तिला कसलंही व्यसन नाही आणि क्लोव्हर तिच्याच पोटची. दर महिन्याच्या पत्रांचं खोटं आहे हे मला कळतं. तेवढ्यासाठी देव काही तुला नरकात टाकणार नाही.

बाबांनी त्या पानावरचं माझं नाव खोडलंय, तेही ठाऊक आहे. पोलिसांच्या गाडीत चढतानाचा माझा फोटो पेपरात आला त्या रविवारी, चर्चमधून आल्या आल्या, अंगातला कोटही न काढता. तूच कळवलं होतंस. एका रेघेनं खोडलंय की गिरवून गिरवून? खालचं वाचता येतं का, नीट बघ.

आणि एकदाचं सांगून टाकते, आईचं साखरेचं भांडं मी आणलेलं नाही. दफनाच्या दिवशी घरात पन्नास माणसं होती. चर्चमधल्या त्या केकवाल्या बायकांना विचार.

घाई कर. कोर्टाची तारीख ६ नोव्हेंबर आहे. पाकिटावर ‘सोलाना, अल्डर क्रीकचं दुकान’ एवढंच लिही. इथे मला त्याच नावानं ओळखतात.

मार्लीस


१७ ऑक्टोबर

व्हर्ना,

पत्र मिळालं. चार ओळी, त्यातले दोन प्रश्न. साध्या तापाच्या पोराला इस्पितळ कागदांसाठी कशाला अडकवून ठेवेल, आणि माझे कागद गेले कुठे? शाळामास्तरीण ती शाळामास्तरीणच.

कागद जाळले. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, रँचवर. आम्ही वीस-बावीस जण आहोत तिथे. जमीन ओटिसच्या मावशीची. ओटिस पूर्वी कॉलेजात शिकवायचा, आता कुठेच शिकवत नाही, पण बोलणं थांबलेलं नाही. त्या दिवशी मुलं आपापली सैन्यभरतीची कार्डं जाळत होती. ओटिस म्हणाला, एकच कार्ड का? ज्या ज्या कागदानं सरकारनं तुम्हाला धरून ठेवलंय ते सगळे टाका. मी लायसन टाकलं, दाखला टाकला. पोट सहा महिन्यांचं होतं, तरी नाचले. आनंदानं नाचले हे लपवणार नाही. बावीस वर्षं मी बाबांची मुलगी, चर्चची मुलगी, हार्डवेअरच्या दुकानातली मुलगी होते. त्या दिवशी कुणाची कुणी नव्हते. हे तुला कळणार नाही, आणि कळावं असा माझा हट्टही नाही.

तुला वाटतं तसे हे लोक भुतं नाहीत गं. इथे कुणी कुणाचा साहेब नाही. मी रोज तीस पाव भाजते आणि ते संपतात. कुणाच्या पोराला मारायला म्हणून कुणी विमानात चढत नाही. नियम तीनच: कुलूप नाही, दार नाही, झाकण नाही. पहिल्याच आठवड्यात सगळ्या खोल्यांची दारं काढून त्यांची जेवणाची मेजं केली. पीठ, बीन्स, साखर, सगळं उघडं, ज्याला हवं त्यानं घ्यावं. मुलंही सगळ्यांची. कुणी कुणाला आई म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची. क्लोव्हर मला लाना म्हणते.

बाप कोण ते तू विचारलं नाहीस, बरं केलंस. भरतीचं बोलावणं आलं तसा तो कॅनडात गेला. माझं पोट दिसायच्याही आत.

तापाचं खरं नव्हतं. तिनं रानातली कसली तरी बोरं खाल्ली. झालं तुझं समाधान? आता बरी आहे, पण कागदांवाचून मला आत सोडत नाहीत. आणि नाही, मी काही घेत नाही. पेपरवाल्यांना काय, रिकाम्या जागा भरायच्या असतात.

नक्कल पाठव. प्रश्न नंतर विचार.

मार्लीस


२४ ऑक्टोबर

व्हर्ना,

तू इस्पितळात फोन केलास. मी तुझ्या जागी असते तर मीही केला असता, पण त्या वेळी तुझ्या तोंडावर दरवाजा आपटावा असं वाटलं. दारांची आम्ही केव्हाच मेजं केली, नाही तर आपटला असता.

त्यांनी तुला सांगितलं की क्लोव्हर नावाचं कुणी तिथे नाही. बाकावर सापडलेली एक बेवारस मुलगी तेवढी आहे, २ तारखेपासून, आणि तिला न्यायला कुणी आलेलं नाही. आणि तू मला विचारतेस, तू कुणाची आई होऊन कुणाला फसवते आहेस?

ती क्लोव्हर आहे. बेवारस नाही.

बोरं नव्हती. साखर होती. आमच्याकडे ॲसिड येतं, एलएसडी म्हणतात ते नशेचं औषध, एका बारक्या बाटलीत, पाण्यासारखं दिसतं. ते साखरेच्या चौकोनी वड्यांवर एकेक थेंब टाकून वाळवतात आणि एखाद्या शनिवारी सगळे मिळून घेतात. ते कशासाठी घेतात हे तुला समजावायला बसले तर वही पुरायची नाही. पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी तीन तास गाजराच्या पाल्याकडे बघत रडले आणि वाटलं, आई मेली त्या दिवसापासूनचं सगळं धुऊन निघालं. खरंच वाटलं होतं तसं. ओटिसनं वड्या उघड्यावर ठेवल्या आणि क्लोव्हरनं दोन खाल्ल्या. ती किंचाळायला लागली. अंग तापलं, डोळे इतके मोठे झाले की आतली ती दिसेना. मग लोकांनी तिला गाडीतून इस्पितळाशी नेलं. आत गेलं तर पोलीस येणार, सगळी रँच तुरुंगात जाणार, म्हणून तिला बाकावर ठेवून ते परत आले. मी रँचवरच होते. मला उभंही राहता येत नव्हतं.

तिथल्या लाँड्रीत लेनोर म्हणून एक बाई काम करते, आमच्याकडून पाव नेते. ती सांगते की पोर आता बरी आहे, खाते-पिते, रात्री मात्र दिवा घालवू देत नाही. नर्स तिला विचारते, तुझी आई कुठे? तर ती नर्सच्या तोंडाकडे नुसती बघत राहते. हा शब्दच तिला माहीत नाही, व्हर्ना. आम्ही तो शिकवलाच नाही. काय मोठे शहाणे आम्ही! नर्सला वाटतं पोर मंद आहे. खिडकीशी उभी राहून लाना, लाना करते, म्हणे, आणि ही लाना कोण हे तिथे कुणाला कळायला मार्ग नाही.

इथे काही ठरवायचं असलं की सगळे गोल बसतात आणि कणीक ढवळायचा लाकडी डाव फिरवतात. डाव ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. परवा बसलो होतो. कुणीही कोर्टात जायचं नाही असं एकेक जण म्हणत गेला. ओटिस म्हणाला, “एका मुलासाठी बाकीच्या सहा मुलांचं घर मोडायचं का?” डाव माझ्या हातात आला. मी तो पुढे दिला.

तू तुझ्या बायबलसमोर गुडघे टेकून मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण नक्कल पाठव.

मा.


३१ ऑक्टोबर

व्हर्ना,

तुझं काही आलं नाही. रोज दुकानापर्यंत जाते. दुकानदार मला लांबून बघूनच मान हलवतो, आता मी आतही जात नाही.

अक्षर असं का ते विचारू नकोस. तीन दिवस झोप नाही. गोळ्या घेतल्या की हात थरथरतात, नाही घेतल्या तर सबंध अंग. घेत नाही म्हणून लिहिलं होतं ना मी? तेही खोटंच. माझ्या बोलण्यातलं खरं वेगळं काढायला बसलीस तर पीठ कमी आणि कोंडा जास्त निघेल.

वकिलानं पुन्हा समजावून सांगितलं. सोमवारी कोर्टापुढे कुणी नातेवाईक आला नाही, तर ‘आईबाप अज्ञात’ असा शेरा पडणार आणि पोर दत्तक जाणार. फाइल मोहोरबंद. मग मी उद्या शहाणी झाले, राणी झाले, तरी ती कुठे आहे हे मला कुणी सांगणार नाही. मावशी आली तर मावशीला देतील. पण ती मुलगी या मावशीचीच भाची हे सांगणार कोण? आईनंच सांगावं लागेल, आणि आई कोर्टात उभी राहिली की पहिला प्रश्न हाच की हिनं काय खाल्लं आणि कुणी दिलं. मी म्हटलं, दुसरी वाट? तो म्हणाला, दुसरी वाट असती तर मी तुम्हाला तिथेच नेलं नसतं का?

तूच सांग ना त्यांना की ती तुझ्या घरी जन्मली! सांग की मी मेले. सांग की बाळंतपणातच मेले, पोर तू वाढवलीस आणि प्रवासात हरवली. तुझ्यावर कुणीही विश्वास ठेवील, तुझा चेहराच तसा आहे. एवढं एक खोटं बोल, व्हर्ना. जन्मभर खरं बोललीस, एकदा खोटं बोललीस तर काय आभाळ कोसळणार आहे?

नाही बोलणार तू. ठाऊक आहे मला. नाही तर नाही, पण उत्तर तरी दे. शिव्या दे. ‘मेलीस तर बरं होईल’ एवढंच लिही, पण तुझ्या हातानं लिही.


रविवार, ५ नोव्हेंबर
(हे मोटेलच्या बाईकडे तुझ्यासाठी देते आहे)

व्हर्ना,

काल दुपारी तू बसमधून उतरलीस. आईचा तपकिरी कोट, आणि काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बायबल. नक्कल नाही, अख्खं बायबलच. बाबांना काय सांगून आणलंस देव जाणे. मी रस्त्यापलीकडे धोबीखान्याच्या काचेआड उभी होते. तू दुकानात जाऊन माझी चौकशी केलीस, दुकानदार काहीतरी बोलला, मग तू बाहेर येऊन पायरीवर बसलीस आणि सँडविच काढलंस. अर्धं खाल्लंस, अर्धं परत कागदात गुंडाळून ठेवलंस. शाळेतून येताना ठेवायचीस तसं.

वीस पावलं होती. मी आले नाही.

म्हणून आता लिहिते, आणि हे तू उद्या जजसाहेबांना द्यायचं आहेस, म्हणून सरळ लिहिते. आधीच्या पत्रांतही खोटं आहे, तीही दे.

आईचं साखरेचं भांडं मी नेलं. निळ्या फुलांचं. दफनाहून येऊन तुम्ही सगळे खाली कॉफी पीत होता तेव्हा स्वेटरमध्ये गुंडाळून पेटीत घातलं. आई मला गुपचूप त्यातली एक वडी द्यायची, तुलाही देत असेल. रँचवर झाकण ठेवायला बंदी होती. मी भांडं स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी ठेवलं आणि झाकण मात्र माझ्या गादीखाली लपवलं. आपलं म्हणून एवढी एकच वस्तू लपवली होती मी. क्लोव्हरला रोज सकाळी त्या भांड्यातली एक वडी मी माझ्या हातानं द्यायची. ती स्टुलावर चढून तोंड उघडून उभी राहायची.

ॲसिड ओटिस आणायचा, पण वड्यांवर थेंब मी टाकायची. माझा हात स्थिर म्हणून ते काम माझं. केकवर नक्षी काढायला आईनं शिकवलेला हात आहे तो. २ ऑक्टोबरला, सोमवार असूनही, दुपारी सगळे बसणार होते. वड्या चांदीच्या कागदात असायच्या. ओटिस म्हणाला, कागदातून वाटायला हे काय औषधांचं दुकान आहे, जरा सुंदर दिसू दे. मी आईचं भांडं रिकामं केलं आणि त्यात त्या वड्या रचल्या. ओटिसनं उघड्यावर ठेवल्या असं मी लिहिलं होतं. ओटिसनं नाही. मी.

आणखी एक आहे. सगळे घेतात तेव्हा एकानं घ्यायचं नाही, शुद्धीवर राहून मुलांकडे आणि विस्तवाकडे बघायचं, असा आमचा रिवाज होता. त्याच्या गळ्यात लाल रुमाल बांधतात, म्हणजे कुणालाही कळावं की आज राखण याची. त्या दिवशी रुमाल माझ्या गळ्यात होता. वड्या रचता रचता मी एक तोंडात टाकली. एकीनं काय होतंय असं वाटलं. तासाभरानं स्टूल ओढल्याचा आवाज आला. तो मी ऐकला, व्हर्ना. मला तो आवाज फार गोड वाटला. मी हसत बसले. उठले नाही.

आणि मी रँचवर नव्हते. गाडीत तिला मांडीवर घेऊन मीच बसले होते. ती तोपर्यंत किंचाळायची थांबली होती, नुसती माझी वेणी धरून होती. इस्पितळाच्या दाराशी ओटिसनं गाडी थांबवली. वेणीवरची तिची बोटं एकेक करून मी सोडवली आणि तिला घोंगडीत गुंडाळून बाकावर ठेवलं. मी. दुसऱ्या कुणी नाही. तिनं हाक मारली. मी गाडीत जाऊन बसले. पांढऱ्या टोपीची एक बाई बाहेर आली आणि तिनं तिला उचललं, तेवढं पाहिलं आणि आम्ही निघालो. वाटेत ओटिस म्हणाला, “बघ, घेतलं ना त्यांनी. सरकार आहे कशाला?” आणि मी हसले. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

भांडं त्यांनी उरलेल्या वड्यांसकट कुठेतरी पुरलं. झाकण या पत्रासोबत आहे. कडेला तो टवका आहे, तू सात वर्षांची असताना पाडलेला आणि माझ्यावर ढकललेला. जजसाहेबांना माझी ओळख पटवायची तर ही एवढीच खूण माझ्याजवळ आहे. क्लोव्हरच्या डाव्या गुडघ्यामागे मसुराएवढा तीळ आहे, आईला होता तिथेच. त्यांना बघायला सांग. तिचा जन्म १९ ऑक्टोबर १९६५, सकाळी, रँचवर, दाखला काढला नाही.

आता तुझ्यासाठी. ती बीन्स कुस्करल्याशिवाय खात नाही. केस विंचरताना गाणं म्हणावं लागतं, कोणतंही चालतं, चर्चमधलंही. साखरेची वडी कधी देऊ नकोस, मागितली तरी. घरात स्टूल उंच ठेव. बाबा तिच्याकडे बघणार नाहीत पहिले काही दिवस, मग बघतील, तिची हनुवटी त्यांचीच आहे. आणि तिला आई म्हणायला शिकव. तुला म्हणू दे. तो शब्द तिनं अजून कुणासाठीच वापरलेला नाही, त्यामुळे कुणाचा काढून तुला दिला असं होणार नाही.

रँचवर सांगून आलेले नाही. दहा वाजता कोर्टात यायचं ठरवलंय. कपडे धुतलेत, लेनोरच्या घरी वाळत घातलेत. तिनं गोळ्या काढून घेतल्या आहेत. पण मी घरातून पळाले, डाव हातात आला तेव्हा पळाले, बाकापासून पळाले, आणि काल तुझ्यापासून वीस पावलांवरून पळाले. तेव्हा दहा वाजले की दाराकडे बघत बसू नकोस. तुझं नाव पुकारलं की ऊठ आणि हे वाच. माझा भरवसा धरू नकोस, या कागदाचा धर. हा एक कागद तरी मी जाळलेला नाही.

आले तर ते अर्धं सँडविच दे.

शपथेवर लिहून देते की वरचं सगळं खरं आहे.

मार्लीस ॲना लिंडक्विस्ट, जन्म ३ मार्च १९४३, कॅन्सस. कार्ल आणि एडिथ यांची धाकटी मुलगी, बायबलच्या पानावर खोडलेली ओळ तीच.

क्लोव्हरची आई.